एचपी नाना

एचपी नानांकडे ट्रॅक्टर नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण त्यांच्याशी दहा मिनिटं बोललेला माणूस ते मानायला तयार होत नाही. बोदवडला माझं कृषी सेवा केंद्र आहे. दुकानासमोर एक बाकडं आहे आणि सकाळी नऊ ते अकरा त्या बाकड्यावर नाना असतात. बियाणं न्यायला आलेला एखादा नवखा शेतकरी "मिनी ट्रॅक्टर कोणता बरा?" एवढंच सहज विचारतो आणि त्याची दुपार जाते. निघताना तो मला हळूच विचारतो, "काकांची एजन्सी कोणती?" काही जण तर 'एचपी' ऐकून गॅसवाले समजतात. एका बाईनं नंबर लावायला पासबुक त्यांच्या हातात दिलं होतं. नानांनी ते पहिल्या पानापासून वाचून काढलं.

आमच्या भागात हे एक वाणच आहे. घरात लग्नाची मुलगी असावी तसा ज्याच्या घरात 'घ्यायचा ट्रॅक्टर' असतो, असा माणूस प्रत्येक गावात एक तरी सापडतो. पण नानांची तयारी इतरांना यायची नाही. त्याला त्यांची नोकरी कारण आहे.

नाना भुसावळला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, स्टोअरला होते. बोदवडचं स्टेशन गावाबाहेर नाडगावला. तिथपर्यंत सायकल, पुढे पॅसेंजर, असं सगळं आयुष्य अप-डाउन. काम एकच, खरेदीचा तुलनात्मक तक्ता करणं. बोल्ट असो की बेअरिंग, पाच ठिकाणची दरपत्रकं यायची. नाना उभी-आडवी घरं आखून दर, वजन, हमी, माल कधी मिळणार, हे सगळं सुवाच्य अक्षरात भरायचे. कागदाच्या डाव्या कोपऱ्यात 'तयार केले', त्याखाली नानांची आद्याक्षरं. उजव्या कोपऱ्यात 'मंजूर', त्याखाली साहेबाची सही. साहेब आले, गेले, बढतीवर मुंबईला गेले. नानांचा कोपरा डावाच राहिला. त्यांच्या तक्त्यात कधी चूक निघाली नाही, असं त्यांचे जुने सोबती आजही सांगतात.

2015 साली ते निवृत्त झाले आणि वडिलोपार्जित चार एकर रान पहिल्यांदा त्यांच्या अंगावर आलं. तोवर थोरले भाऊ पाहायचे. कोरडवाहू काळी जमीन, कापूस आणि मका, पाणी साधलं तर हरभरा. बोदवड तालुका पाण्यासाठी काय चीज आहे, ते खान्देशात वेगळं सांगायला नको. भावांकडे बैलजोडी होती आणि एक सालदार होता. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतं. त्या आखाजीला सालदारानं हात जोडले, म्हणाला, "मोठे नाना होते तवर ठीक होतं, तुमी बैलाले बी पावती मागसान." तो गेला. सालदार नाही म्हणून बैलजोडी विकली. आणि बैलजोडी नाही म्हणून नानांनी जुन्या पद्धतीचं एक लांबलचक रजिस्टर विकत आणलं.

आता हा प्रश्न खोटा नव्हता, हे मी दुकानदार म्हणून सांगतो. नांगरटीचं काही अडत नाही. उन्हाळ्यात पंचेचाळीस-पन्नास एचपीचा मोठा ट्रॅक्टर भाड्यानं बोलवायचा, पलटी नांगर घालायचा, मोकळं. अडतं ते जुलैमध्ये. कापूस वीतभर झालेला, पाऊस दोन दिवस उघडलेला, तण माजलेलं, आणि सगळ्या शिवाराला त्याच दोन दिवसांत कोळपणी करायची असते. बैल उरलेत थोडे, निंदणीला बाया मिळत नाहीत. मोठा ट्रॅक्टर चार फुटांच्या तासात घातला तर कापूसच आडवा होतो. तिथं पाहिजे अरुंद, ठेंगणा, जागेवर वळणारा. पंधरा ते अठ्ठावीस एचपीतलं हे सगळं छोटं बिऱ्हाड त्यासाठीच आहे. द्राक्षवाल्यांनी ते आधी ओळखलं, मग आमच्या कापूसवाल्यांनी.

म्हणजे निदान बरोबर होतं. औषधाची चिठ्ठीही नानांनी बरोबर लिहिली. घोडं अडलं ते मेडिकलच्या दुकानात.

रजिस्टर मी पाहिलेलं आहे. नानांनी ते माझ्या काउंटरवर, खतांच्या परवान्याच्या फायलीशेजारी, पुष्कळदा उघडं ठेवलेलं असतं. डावीकडे नावं: महिंद्रा युवराज 215, पंधरा एचपी, एक सिलिंडर. स्वराज 717, पंधरा एचपी. व्हीएसटीचा 180, साडेअठरा एचपी, तीन सिलिंडर. कुबोटा ए211, एकवीस एचपी, तीन सिलिंडर. महिंद्रा जीवो 245, चोवीस एचपी, दोन सिलिंडर, चारही चाकं ओढणारा. जॉन डिअर 3028, अठ्ठावीस एचपी. राजकोटचा कॅप्टन. पुढे रकाने: वजन, रुंदी बाहेरून बाहेर, रुंदी आतून आत, पोटाखालची उंची, वळणाचा घेर, लिफ्ट किती किलो उचलते, टायरचा साइज, बोदवडपासून पार्ट किती किलोमीटरवर. आणि शेवटी 'शेरा'. त्या शेऱ्यांसाठी मी ते रजिस्टर वाचतो. 'सीट उत्तम. उतरावेसे वाटले नाही.' 'पाहुण्यांकडे आहे. ट्रॅक्टर बरा, पाहुणे बरे नाहीत.' 'आवाज फार, पण सौ. म्हणते तुम्हाला कमीच ऐकू येते.' 'विक्रेता मुलगा हुशार. पुढच्या खेपेस नोकरी सोडून गेलेला.'

एचपी हा त्यांचा लाडका विषय, नाव उगाच पडलेलं नाही. बाकड्यावर कोणी "चोवीस एचपीचा घ्यावा म्हणतो" असं म्हटलं की नाना चष्मा पुसतात.

"भो, चोवीस कुठी मोजले? इंजिनावर का शाफ्टावर?"

समोरचा गप्प.

"तुझा ठोक पगार किती अन् हाती किती येतो? तसंच हे. कंपनी सांगते ते इंजिनाचे घोडे. रोटाव्हेटर फिरतो तो मागच्या शाफ्टावर, पीटीओवर. तिथी पोचेपर्यंत काही घोडे वाटेतच गळतात. आपल्याले मतलब पोचलेल्या घोड्यांशी. अन् ते बी शाफ्ट मिनिटाले 540 फेरे घेत असताना किती, ते विचार."

हे सगळं खरं आहे. मी खात्री करून घेतली आहे, नाहीतर माझ्या दुकानासमोर कोणी शेतकऱ्याला चुकीचं सांगितलेलं मला चालणार नाही. नाना हे आणतात कुठून, तर बुदनीहून. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनीला केंद्र सरकारची शेतीयंत्रं तपासणारी संस्था आहे, 1955 पासूनची. ट्रॅक्टर तिथं परीक्षेला बसतात. शाफ्टवर ताकद किती मिळाली, तासाला डिझेल किती गेलं, ओढायला किती ओढलं, ब्रेक किती अंतरात लागला, चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज किती झाला, सगळं लिहून अहवाल निघतो. बाकीचे लोक जाहिरातीतला धोनी पाहतात; नाना बुदनीचा अहवाल पाहतात. छापून, पंच करून, दोऱ्यानं बांधून ठेवलेले आहेत. भोपाळला एका लग्नाला निघाले होते, तेव्हा इटारसी गेल्यावर नर्मदेचा पूल ओलांडून बुदनी आलं, तर नाना उठून दाराशी गेले आणि त्यांनी हात जोडले. डब्यातल्या लोकांना वाटलं, नर्मदामाईला.

शोरूममधले नाना पाहण्यासारखे. जळगाव, भुसावळ, मलकापूर, जामनेर, कुठंही जा, पद्धत तीच. आत शिरताना खिशात टेप, पिशवीत रजिस्टर आणि पाण्याची बाटली. कोल्ड्रिंक घेत नाहीत. म्हणतात, पुरवठादाराचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, आमच्या स्टोअरचा नियम होता. मग चप्पल काढून, गुडघ्याखाली रुमाल घालून, ते ट्रॅक्टरखाली जातात. वर फक्त पाय दिसतात. विक्रेता पोरगा त्या पायांशी बोलत राहतो: "काका, झिरो डाउन पेमेंट आहे... काका, सोबत छत्री फ्री आहे..." खालून आकडे येतात, ते त्यालाच लिहावे लागतात.

नंतर नाना सुट्या भागांच्या काउंटरवर जातात आणि ऑइल फिल्टर मागतात. ही त्यांची खरी कसोटी. "ट्रॅक्टर तर कोणी बी देईन. फिल्टर हाये का ते सांग." आणि फिल्टर निघाला तर दाम मोजून तो विकत घेतात, पावतीसकट. माल स्टॉकमध्ये आहे, याचा त्यांच्या लेखी तोच पुरावा. त्यामुळे नानांकडे ट्रॅक्टर एक नाही, पण फिल्टर सगळ्या कंपन्यांचे आहेत. काकूंच्या स्वयंपाकघरात, फळीवर, एका बाजूला कैरीच्या लोणच्याची बरणी आणि दुसऱ्या बाजूला कुरडयांचा डबा, मध्ये ओळीनं फिल्टर. प्रत्येकावर तारीख. सोयाबीनच्या पेरणीत एकदा रात्री कोणाचा तरी ट्रॅक्टर अडला, दुकानं बंद, तेव्हा लोक नानांच्या दारात गेले. काकूंनी झोपेतच विचारलं, "लाल का हिरवा?" आणि बरोबर फिल्टर काढून दिला. पैसे दुसऱ्या दिवशी आले, नानांनी रजिस्टरमध्ये जावक लिहिली.

पण नानांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा अध्याय म्हणजे डेमो.

कंपन्या शेतात ट्रॅक्टर आणून दाखवतात, ही रीत जुनी आहे. एखाद-दोन तास चालवून दाखवायचं, चहा प्यायचा, बुकिंगचं बोलायचं. नानांना तासाभराचा डेमो मान्य नाही. ते म्हणतात, पट्टा सारखा पाहिजे, ओल सारखी पाहिजे, तर तुलना. म्हणून मृगाच्या आधी ते रानात फक्की टाकून सारखे पट्टे आखतात आणि प्रत्येक पट्ट्याच्या तोंडाशी खुंटी ठोकून नंबर लावतात. एकेका कंपनीला एकेक पट्टा. आधी टाकी काठोकाठ भरायची, काम झाल्यावर मापानं पुन्हा भरायची, जेवढं लागलं तेवढं पोटात गेलं. मागे नाना फूटपट्टी घेऊन चालतात. दर दहा पावलांवर खोली मोजतात. हातात ढेकूळ घेऊन फोडतात आणि शेरा सांगतात. विक्रेत्यांची पोरं पांढरे शर्ट घालून, ऑफिसातून थेट आलेली, बोदवडच्या त्या उन्हात बांधावरच्या निंबाखाली बसून राहतात.

संध्याकाळी पट्टे संपतात. आणि पट्टे संपले म्हणजे चार एकर संपले.

हे नानांच्या लक्षात आलेलं नाही, असं मी शपथेवर सांगायला तयार आहे. तो माणूस फुकटात काम करून घेणाऱ्यातला नाही. तो कोल्ड्रिंकसुद्धा पीत नाही. डिझेलचे पैसे तो पुढे करतो, पोरं घेत नाहीत, कारण त्यांना बुकिंग दिसत असतं. पण वर्षानुवर्षं नानांच्या रानाचं रोटाव्हेटर डेमोवरच होत आलं आहे, ही वस्तुस्थिती आहे. शिवारात त्यांच्याइतकं भुसभुशीत रान कोणाचं नसतं, कारण प्रत्येक कंपनीनं आपापला जीव ओतलेला असतो. लोक मला विचारतात, कंपन्यांना कळत नाही का? कळतं. पण कळतं तोवर तो पोरगा नोकरी सोडून विमा विकायला लागलेला असतो, आणि नवा पोरगा नवीन यादीत नानांचं नाव पाहून हरखतो. यादीत त्यांच्या नावापुढे 'गरम ग्राहक' असं लिहिलेलं असतं.

प्रदर्शनं तर नाना चुकवत नाहीत. जळगावला शिवतीर्थ मैदानावरचं अ‍ॅग्रोवर्ल्डचं, नाशिकचं कृषीथॉन, डिसेंबरात मोशीला किसान. टोप्या, पिशव्या, माहितीपत्रकं, पेनं. बोदवडमध्ये ज्याच्या डोक्यावर कंपनीची टोपी दिसेल, त्याला ती नानांनी दिलेली आहे.

बरं, घ्यायचा ठरला नाही असंही नाही. 2023 च्या पावसाळ्यात तक्ता पूर्ण झाला होता. मी पाहिला. दोन नावं उरली होती, एक लाल आणि एक केशरी. नाना म्हणाले, "झेंडावंदन झालं का बुकिंग करतो." आणि त्याच 15 ऑगस्टला महिंद्रानं दक्षिण आफ्रिकेत, केपटाउनला, 'ओजा' नावाची हलक्या ट्रॅक्टरांची आख्खी नवी मालिका बाहेर काढली. जपानच्या मित्सुबिशीसोबत मिळून केलेली. 2127 म्हणजे सत्तावीस एचपी, किंमत 5 लाख 64 हजार 500. 3140 म्हणजे चाळीस एचपी, 7 लाख 35 हजार. दोन्ही पुण्याची शोरूम किंमत. शाळेचं झेंडावंदन झालं, पोरांना चॉकलेटं वाटून झाली, आणि नाना दुकानी आले ते मोबाइल पुढे धरूनच. चेहरा असा की घरी पाहुणे अचानक आलेत, पण आवडते आहेत. "भो, सात मॉडेल हायेत," म्हणाले. संध्याकाळी त्यांनी नवं रजिस्टर आणलं.

त्याआधी महाडीबीटीची लॉटरी लागली होती. सरकारच्या यांत्रिकीकरण योजनेत अर्ज केला होता, नाव निघालं. तेव्हा गावात लोक अर्ज करून करून थकायचे, त्यांना लागत नव्हती, नानांना लागली. पेढे वाटले. आता पुढे कोटेशन आणि तपासणीचा अहवाल अपलोड करायचा, पूर्वसंमती घ्यायची आणि मुदतीत खरेदी करायची. अहवाल तर नानांकडे सगळे होते, दोऱ्यात बांधून. अडलं कोटेशनवर. पोर्टलला एकच कोटेशन लागतं. नानांनी तीन कंपन्यांची कोटेशनं एकाच पीडीएफमध्ये, वर तुलनात्मक तक्ता लावून, चढवली, आणि सोबत नम्र विनंती, की सक्षम अधिकाऱ्यानं यातून योग्य ते मंजूर करावं. कृषी खात्यानं ते परत पाठवलं, यात खात्याचं काही चुकलं नाही. नानांनी पुन्हा पाठवलं. मुदत संपली.

मग जीएसटी. कोणीतरी म्हणालं, सरकार कर कमी करणार. नाना थांबले. आणि 22 सप्टेंबर 2025 ला, घटस्थापनेच्या दिवशी, ट्रॅक्टरवरचा जीएसटी खरोखर बारावरून पाचावर आला. टायर आणि सुटे भाग अठरावरून पाचावर. त्या दिवशी नानांची चाल बघायची. बाजारातून असे चालत आले, जणू जीएसटी कौन्सिलची बैठक यांच्याच ओट्यावर झाली. "पाह्यलं? थांबलो म्हणून सात टक्के वाचले." मी म्हटलं, "नाना, वाचले कधी म्हणता येतील?" म्हणाले, "घेतल्यावर. पण आता सगळ्यांच्या किमती बदलल्या नं, तक्ता नव्यानं कराव लागीन."

गावात पैजा आहेत. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी 2020 मध्ये थांबली. ती लाईन आता मोठी होऊन जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत यायची आहे. आधी काय येतं, ती गाडी की नानांचा ट्रॅक्टर, यावर भरीत पार्ट्या लागलेल्या आहेत. हिवाळ्यात रानात पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजतात, बडगीत मिरच्या ठेचल्या जातात, आणि शेतात सतरंजीवर बसून हाच विषय निघतो. अशाच एका पार्टीत नानांचा अमेरिकेतला भाचा व्हिडिओ कॉलवर आला. त्याच्या घरामागे पाच एकर आहे आणि त्यानंही ठेंगणा कुबोटा घेतलेला आहे, तिकडे असल्या छोट्या ट्रॅक्टरांचं मोठं पेव आहे. नानांनी विचारलं, पीक काय? तो म्हणाला, गवत. वाढलं की ट्रॅक्टरखाली पातं लावून कापतो, बर्फ पडला की पुढे फावडं लावून ढकलतो.

"गवत विकतो कोणाले?"

"विकत नाही मामा. कापून टाकतो."

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे उत्पन्न शून्य. तरी घेतला?"

"दोन दिवसांत घेतला, मामा."

त्या रात्री नानांना भरीत गेलं नाही. त्यांना गवताचं दुःख नव्हतं. दोन दिवसांचं होतं.

इथवर वाचून कोणाला वाटेल, नानांना निर्णय घेता येत नाही. तसं नाही, आणि याला पुरावा गावात उभा आहे. समाजकल्याण खात्याची एक योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांना नऊ ते अठरा एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची अवजारं, साडेतीन लाखांच्या मर्यादेत 90 टक्के अनुदानावर. म्हणजे सरकारचे 3 लाख 15 हजार आणि गटाचे 35 हजार. आमच्याकडच्या बायांच्या एका गटाचा अर्ज मंजूर झाला आणि त्यांच्या अध्यक्षबाई दुकानासमोर बाकड्याशी आल्या. म्हणाल्या, "नाना, कोणता घेऊ?"

नानांनी चार प्रश्न विचारले. रान किती आणि कोणकोणाचं, तास किती फुटांचं, चालवणार कोण, गोठ्याचं दार किती रुंद. दाराचा प्रश्न त्यांनीच विचारावा. मग रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं, एका नावावर ठेवलं. "हा घ्या. रोटाव्हेटर तीन फुटीच घ्या, दुकानदार चार फुटी गळ्यात मारीन, त्याले घोडे पुरणार नही. ट्रॉली लहान घ्या. पहिलं ऑइल कंपनीच्या वेळेआधी बदला." चहा यायच्या आत सगळं झालं. बाईंनी कागदावर सही केली. नानांनी त्या सहीकडे पाहिलं आणि कागदाच्या डाव्या कोपऱ्यात, सवयीनं, आपली आद्याक्षरं टाकली.

तेव्हा मला नाना कळले. असे त्यांनी किती जणांना घेऊन दिले असतील! रावेरकडच्या केळीवाल्याला, जामनेरच्या मास्तरला, दोघा सख्ख्या भावांना दोन वेगवेगळ्या रंगांचे, कारण एकाचं रान चढाचं आणि एकाचं सपाट. एकानंही नंतर येऊन तक्रार केलेली नाही. उजव्या कोपऱ्यात दुसरं कोणी असलं, की या माणसाचा निकाल पाच मिनिटांत लागतो.

काकूंना हे आमच्या आधीपासून माहीत असावं. गेल्या दिवाळीनंतर त्या स्वतःच दुकानी आल्या. नाना बाकड्यावर होतेच. काकू म्हणाल्या, "वर्षाले आपलं भाडं किती जातं?"

नाना म्हणाले, "नांगरट, पेरणी, कोळपणी धरून वीस-बावीस हजार."

"अन् कर्जानं घेतला तर हप्ता?"

"लाखाच्या घरात."

"मंग उरलेले पैसे दुसऱ्याच्या रानात कामं करून काढसान?"

"हो."

"चालवीन कोण?"

नाना इथं थांबले. बुदनीच्या अहवालात हा रकाना नाही. सगळ्या जिल्ह्यातल्या ट्रॅक्टरांवर बसलेला हा माणूस शोरूमच्या फरशीच्या पुढे एकही चालवत गेलेला नव्हता. काकूंनी पिशवीतून शंभराची एक वही काढली. त्यात त्यांनी गटाच्या अध्यक्षबाईंशी बोलणं करून ठेवलेलं होतं: जुलै-ऑगस्टात कोळपणीला आधी नानांचं रान, तासाचे पैसे रोख, गटाच्या पोरानं चालवायचा, आणि मोबदल्यात गटाला नानांच्या फळीवरचा फिल्टर अर्ध्या किमतीत. खाली उजवीकडे काकूंची सही होती. नानांनी वही दोनदा वाचली, खिशातून पेन काढलं आणि डाव्या कोपऱ्यात आद्याक्षरं टाकली.

जुलैत कोळपणी झाली. नानांनी निवडलेला ट्रॅक्टर नानांच्या कापसात चालला. नाना मागे टेप घेऊन फिरले आणि दोन्ही बाजूंना किती जागा सुटते ते मोजत राहिले. सारखी सुटत होती. डेमो मात्र बंद झालेले नाहीत. रोटाव्हेटरचे पट्टे या मृगाआधीही पडले, कारण नवी मॉडेलं आली आहेत आणि तक्ता अपुरा ठेवणं त्यांना शोभत नाही.

तुमचं चार-पाच एकर असेल आणि मिनी ट्रॅक्टर घ्यायचा विचार असेल, तर शोरूमला जाण्याआधी बोदवडला नानांकडे जरूर या. शनिवार सोडून या, शनिवारी ते शिरसाळ्याच्या मारुतीला असतात. येताना आपल्या तासाची रुंदी, बांधाचा चढ आणि गोठ्याच्या दाराचं माप लिहून आणा. सल्ला फुकट आहे, चहा माझ्याकडे. फक्त सही करणारा माणूस सोबत आणा.